लफेव्र : लोहाराचे आडनाव आणि कारकुनाचे अक्षर

शहर नियोजन किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला एका फ्रेंच विचारवंताचे नाव हमखास अडखळायला लावते. ‘शहरावरचा हक्क’ ही कल्पना 1968 मध्ये मांडणारे आंरी लफेव्र हे ते विचारवंत. त्यांचे आडनाव कोणी लेफेब्रे लिहितो, कोणी लेफेबव्रे, कोणी लेफेव्हर. इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे दुसराच पेच असतो. फ्रेंच राज्यक्रांतीचे अभ्यासक जॉर्ज लफेव्र आणि ‘आनाल’ या इतिहास-परंपरेचे एक संस्थापक ल्यूसिआं फेव्र यांची नावे पुस्तकांतून शेजारीशेजारी येतात आणि ही एकच व्यक्ती की दोन, असा प्रश्न पडतो. शिवाय 2022 पासून फ्रान्समध्ये आडनाव बदलण्याचा नवा कायदा लागू झाला आणि ‘आडनाव कोणाचे, ते आले कुठून’ हा विषय तिथे पुन्हा चर्चेत आला. या निमित्ताने लफेव्र हे एकच आडनाव घेऊन फ्रेंच आडनावांची घडण कशी झाली, हे पाहणे सोयीचे ठरेल.

आठ अक्षरे, आणि त्यांतली दोन मुकी

रोमन लिपीत हे आडनाव आठ अक्षरांचे आहे : एल, ई, एफ, ई, बी, व्ही, आर, ई. उच्चारात मात्र त्यांपैकी सहाच कानावर पडतात. पहिल्या ‘ई’चा उच्चार अगदी निसटता, आपल्या ‘ल’मधल्या ‘अ’सारखा होतो, शेवटच्या ‘ई’चा होतच नाही, आणि मधला ‘बी’ पूर्ण मुका राहतो. म्हणून देवनागरीत ‘लफेव्र’ हे रूप त्यातल्या त्यात जवळचे आहे. भराभर बोलताना तर शेवटचा ‘र’ही गळतो आणि नुसते ‘लफेव’ ऐकू येते. हा गळणारा ‘र’ पुढे अमेरिकेत एक गंमत करणार आहे, पण ती नंतर.

याच आडनावाचे दुसरे एक रूप आहे, ज्यात ‘बी’ नाही आणि दुसऱ्या ‘ई’वर डावीकडे झुकलेली तिरकी रेघ आहे. त्याचा उच्चारही अगदी लफेव्र असाच. म्हणजे फ्रान्समध्ये दोन लफेव्र भेटले, तर ते एकमेकांना नाव सांगताना ‘बीवाले’ की ‘बिनबीवाले’ हे स्पष्ट केल्याशिवाय कागदावर काही लिहिता येत नाही.

अर्थ अगदी साधा : लोहार

लॅटिनमध्ये ‘फाबेर’ म्हणजे कारागीर, विशेषतः धातू किंवा लाकूड यांसारख्या कठीण वस्तूंवर काम करणारा. उत्तर फ्रान्समध्ये लॅटिन बोलीभाषा बदलत बदलत फ्रेंच होत गेली, तेव्हा या शब्दातला ‘ब’ मवाळ होऊन ‘व’ झाला आणि शब्द ‘फेव्र’ असा उरला. हा बदल एकट्या याच शब्दात झालेला नाही. ओठाला लॅटिनमध्ये ‘लाब्रुम’ म्हणत, त्याचे फ्रेंच रूप ‘लेव्र’ झाले. फेब्रुवारीला फ्रेंचमध्ये ‘फेव्रिए’ म्हणतात, तेही याच नियमाने. जुन्या फ्रेंचमध्ये ‘फेव्र’चा अर्थ लोहार एवढाच पक्का झाला होता, त्याच्या आधी ‘तो’ या अर्थाचे ‘ल’ हे उपपद लागले आणि ‘ल फेव्र’, म्हणजे ‘तो लोहार’, हे नाव तयार झाले.

आजच्या फ्रेंच माणसाला मात्र ‘फेव्र’ म्हणजे काय, हे सहसा ठाऊक नसते. लोहाराला आता ‘फोर्जरों’ म्हणतात. ‘फोर्ज’ म्हणजे लोहाराची भट्टी आणि हा शब्द लॅटिन ‘फाब्रिका’पासून, म्हणजे फाबेरच्या कामाच्या जागेच्या नावापासून आलेला. आजोबांच्या शब्दाला त्याच घराण्यातल्या नातवाने हुसकावून लावावे, तसा हा प्रकार आहे. ‘फेव्र’ आता फक्त ‘ऑरफेव्र’, म्हणजे सोनार, या जोडशब्दात आणि आडनावांत शिल्लक आहे.

शेतकऱ्यापेक्षा लोहाराचे आडनाव जास्त का?

अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत फ्रान्समधल्या सामान्य माणसाला एकच नाव असे, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले. बाप्तिस्मा म्हणजे मूल ख्रिस्ती समाजात दाखल करून घेण्याचा विधी. ठेवायची नावेही मोजकीच असत : ज्यां, पिएर, गीयोम, रोबेर. वस्ती वाढू लागली तशी एकाच गावात चार-पाच ज्यां निघू लागले आणि त्यांच्यात फरक करण्याची गरज पडली. ही गरज शेजाऱ्यापाजाऱ्यांना होतीच, पण त्याहून जास्त ती कर गोळा करणाऱ्याला आणि जमिनीचे कागद लिहिणाऱ्याला होती. पॅरिसची 1292 सालची करपत्रके आजही उपलब्ध आहेत. त्यांत करदात्याच्या नावापुढे कुठे त्याचा धंदा, कुठे मूळ गाव, तर कुठे शरीराची एखादी खूण लिहिलेली दिसते.

आता कोणती खूण उपयोगी पडेल, याचा विचार केला की एक गोष्ट उलगडते. गावातले जवळजवळ सगळेच शेती करत असतील, तर ‘शेतकरी ज्यां’ म्हणून काहीच कळणार नाही. उलट लोहार गावात एखादाच असे. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराचे बिजागर, खिळे, विळे, चाकाची धाव, हे सगळे त्याच्याकडूनच घ्यावे लागे. त्यामुळे त्याच्याकडे जाणे प्रत्येकाला भाग होते आणि ‘लोहार ज्यां’ म्हटले की कोणाबद्दल बोलणे चालले आहे, हे लहान मुलालाही कळे. आडनाव व्हायला धंदा दुर्मीळ असावा लागतो, पण इतकाही नाही की तो प्रत्येक गावात सापडणारच नाही. लोहार या दोन्ही कसोट्यांना बरोबर उतरतो आणि म्हणूनच इंग्लंडचे स्मिथ, जर्मनीचे श्मिट, हंगेरीचे कोवाच, रशियाचे कुझ्नेत्सोव्ह, इटलीचे फेरारी ही त्या त्या देशांतली अतिशय प्रचलित आडनावे आहेत आणि सगळ्यांचा अर्थ लोहार हाच आहे.

मग फ्रान्समध्ये लोहार पहिल्या क्रमांकावर का नाही?

ही शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये स्मिथ पहिल्या क्रमांकावर आहे, जर्मनीत श्मिट दुसऱ्या. फ्रान्समध्ये पहिला क्रमांक मार्तां या आडनावाचा आहे आणि ते चौथ्या शतकातले तूर शहराचे बिशप संत मार्तां यांच्यावरून आलेले व्यक्तिनाम आहे. लफेव्र पहिल्या वीसांत येते, पण शिखरावर नाही.

फ्रान्समध्ये लोहार कमी होते असा याचा अर्थ मुळीच नाही. फ्रान्स म्हणून आज जो देश आपण ओळखतो, त्यात मध्ययुगात एक भाषा नव्हती, अनेक होत्या, आणि प्रत्येक भाषेत ‘फाबेर’ने वेगळे रूप घेतले. मार्तां सगळीकडे मार्तांच राहिला. लोहाराची मात्र दहा-पंधरा आडनावे झाली आणि मोजणीत त्याचे वजन विभागले गेले.

ही वाटणी नकाशावर आजही दिसते. बेल्जियमच्या सीमेलगतच्या नॉर आणि पा-द-काले या जिल्ह्यांत ‘बी’वाले लफेव्र गर्दीने भेटतात. नॉर्मंडी आणि पॅरिसच्या आसपास बिनबीचे लफेव्र जास्त. पश्चिमेला नांत शहराच्या परिसरात स्थानिक बोलीतल्या उच्चारामुळे मधला स्वर गोल झाला आणि लेखनात एक ‘यू’ वाढला. पूर्वेला फ्रांश-कोंते प्रांतात उपपद गळाले आणि ‘फेव्र’ उरले. ल्यूसिआं फेव्र यांचे घराणे तिकडचे. आल्प्सच्या पायथ्याशी, साव्हॉय प्रांतात आणि फ्रेंच बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये ‘फाव्र’ झाले.

दक्षिणेत गोष्टच वेगळी होती. तिथे ओक्सितान ही फ्रेंचची बहीण म्हणावी अशी स्वतंत्र भाषा बोलली जात असे. तिने लॅटिनमधला ‘ब’ टिकवून धरला आणि ‘फाब्र’ हे आडनाव दिले, किंवा काही भागांत त्या ‘ब’चा ‘उ’ केला आणि ‘फाउरे’ दिले. हे दुसरे रूप पॅरिसच्या वाचनपद्धतीने वाचल्यावर ‘फोर’ झाले. पिरेनीज पर्वताकडे त्याचेच ‘फोरे’ झाले आणि पामिए गावी 1845 मध्ये जन्मलेल्या गाब्रिएल फोरे या संगीतकाराने ते जगभर पोचवले. दक्षिणेत आडनावाला उपपद लावण्याची चाल फारशी नव्हती, म्हणून ‘ल’ने सुरू होणारी लोहार-आडनावे प्रामुख्याने उत्तरेची आहेत. उपपद पाहून घराण्याची दिशा ओळखता येते, ती अशी.

आणि फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी द्वीपकल्पात तर लॅटिनचा संबंधच नाही. तिथली ब्रेटन भाषा वेल्श भाषेच्या नात्यातली. तिच्यात लोहाराला ‘गोव्ह’ म्हणतात आणि आडनाव होते ‘ल गॉफ’. मध्ययुगाचे थोर अभ्यासक जाक ल गॉफ (1924–2014) यांचे आडनाव ते हेच. म्हणजे विसाव्या शतकातल्या फ्रेंच इतिहासलेखनातली लफेव्र, फेव्र आणि ल गॉफ ही तीन मोठी नावे मराठीत उतरवायची, तर तिघांनाही ‘लोहार सर’ म्हणावे लागेल. त्यांतले पहिले दोघे तर काही काळ स्ट्रासबर्गच्या एकाच विद्यापीठात शिकवत होते.

बोलण्यात ‘ब’ नव्हता, तर लिहिण्यात आला कुठून?

इथे आपण या आडनावाच्या सर्वांत रंजक भागाशी येतो. लोहाराच्या तोंडून ‘ब’ बाराव्या शतकाच्या बराच आधी गेला होता. तो परत आणला तो मध्ययुगाच्या अखेरच्या काळातल्या लेखनिकांनी, म्हणजे न्यायालयात, मठात आणि दस्तऐवज लिहिण्याच्या कचेरीत बसणाऱ्या, लॅटिन शिकलेल्या मंडळींनी.

त्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण विद्वत्तेचे. फ्रेंच ही लॅटिनची लेक आहे हे अक्षरांतून दिसावे, अशी त्यांची हौस होती. त्यामुळे बोलण्यात नसलेली लॅटिन अक्षरे ते शब्दांत घालू लागले. ‘शंका’ या अर्थाच्या ‘दूत’ या शब्दात त्यांनी लॅटिनप्रमाणे एक ‘बी’ बसवला. फ्रेंचने तो पुढे टाकून दिला, पण इंग्रजीतल्या ‘डाउट’ या शब्दात तो आजही मुका बसलेला आहे आणि शाळकरी मुलांचे गुण खातो. ‘फेव्र’च्या मुळाशी ‘फाबेर’ आहे हे ठाऊक असल्यामुळे तिथेही ‘बी’ आला.

दुसरे कारण शुद्ध सोयीचे आहे आणि मला ते अधिक पटते. त्या काळच्या हस्तलिखितांत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन वेगळी अक्षरे नव्हती. एकाच आकाराचा कधी स्वर म्हणून ‘उ’ वाचायचा, तर कधी व्यंजन म्हणून ‘व’. मोडी लिपीत ह्रस्व-दीर्घ इकार-उकारांना वेगळी चिन्हे नसतात आणि कोणते वाचायचे हे वाचणारा संदर्भावरून ठरवतो, तशीच ही स्थिती होती. पण आडनावाला संदर्भ कुठला असणार? ‘फेव्र’ हा शब्द लिहिला, की मधले अक्षर ‘उ’ समजून वाचणाराही कोणी निघायचा. त्या अक्षराच्या आधी एक ‘बी’ ठेवला, की वाचणाऱ्याला इशारा मिळे : पुढचा आकार व्यंजन आहे, ‘व’ म्हणा. ‘फेव्रिए’ म्हणजे फेब्रुवारी आणि ‘दव्हॉआर’ म्हणजे कर्तव्य, या नेहमीच्या शब्दांतही त्या काळी असा ‘बी’ लिहिला जाई. थोडक्यात, हा ‘बी’ उच्चारासाठी ठेवलेला नव्हताच. तो पुढच्या अक्षराकडे बोट दाखवणारी खूण होता.

पुढे छपाईत ‘यू’ आणि ‘व्ही’ वेगळे झाले आणि ही खूण निरुपयोगी ठरली. मग कोणी ‘व्ही’ लिहून जुना उच्चार राखला. काही कुटुंबांच्या कागदांत मात्र जुना ‘यू’सारखा आकार तसाच राहिला आणि लोक तो अक्षरशः वाचू लागले. त्यातून ‘लफेब्यूर’ हे आडनाव जन्मले, ज्यात मुका ‘ब’ बोलू लागला आणि ‘व’ नाहीसा झाला. एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा प्रसिद्ध ऑर्गनवादक लफेब्यूर-व्हेली हा याच वाचनदोषाचा वारसदार. कागदावरून आलेला उच्चार खऱ्या उच्चाराला मागे टाकतो, हे इथे स्पष्ट दिसते.

चूक कळली, तर दुरुस्त का केली नाही?

शब्दांत ती दुरुस्त झाली. फ्रेंच भाषेचा शब्दकोश तयार करणाऱ्या फ्रेंच अकादमी या संस्थेने 1740 मध्ये आपल्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा हजारो शब्दांतली अशी मुकी अक्षरे गाळली गेली. फेब्रुवारीचा ‘बी’ गेला, कर्तव्याचा गेला, शंकेचाही गेला. पण अकादमीचा अधिकार भाषेच्या शब्दांवर होता, माणसांच्या नावांवर नव्हता.

नावांचा कारभार वेगळ्याच दफ्तरात चालत होता. राजा पहिला फ्रांस्वा याने 1539 मध्ये व्हिलेर-कोत्रे इथे काढलेल्या फर्मानाने दोन गोष्टी केल्या : न्यायालयीन कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहिण्याची सक्ती केली आणि पाद्र्यांना बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवायला लावले. लग्न आणि दफन यांच्या नोंदींचा हुकूम 1579 मध्ये ब्लुआच्या फर्मानाने आला. नोंदवही आली, पण ज्यांच्या नोंदी होत होत्या त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. पाद्री कानावर पडेल तसे, किंवा आधीच्या पाद्र्याने लिहिले असेल तसे लिहीत. एकाच बापाची दोन मुले दोन वेगळ्या लेखनांनी नोंदली जाणे हे त्या वह्यांत नित्याचे आहे.

राज्यक्रांतीने हे दफ्तर 1792 मध्ये चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिले. स्वातंत्र्याच्या उत्साहात काही काळ हवे ते नाव घेण्याची मुभाही मिळाली, पण त्यातून इतका गोंधळ झाला की 23 ऑगस्ट 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीत आहे त्याखेरीज दुसरे नाव धारण करण्यास मनाई केली. त्या दिवशी ज्याच्या नोंदीत ‘बी’ होता, त्याचा ‘बी’ कायम झाला. ज्याच्या नोंदीत नव्हता, त्याला तो कधीच मिळाला नाही. आजचा बीवाला आणि बिनबीवाला हा भेद जातीचा, दर्जाचा किंवा घराण्याच्या प्राचीनतेचा नाही. एखाद्या पूर्वजाच्या गावात त्या वर्षी वही कोणाच्या हातात होती, यावर तो ठरलेला आहे.

सगळे लफेव्र एकमेकांचे भाऊबंद आहेत का?

नाहीत, आणि असू शकत नाहीत. गावोगाव लोहार होते आणि जिथे जिथे लोहाराच्या मुलाबाळांना हे नाव चिकटले, तिथे तिथे एक स्वतंत्र घराणे सुरू झाले. समान आडनाव म्हणजे समान पूर्वज, हा नियम दुर्मीळ आडनावांना काही अंशी लागू पडतो. धंद्यावरून पडलेल्या आडनावांना तो अजिबात लागत नाही. इतकेच काय, आडनाव वंशपरंपरेने चालू लागल्यानंतर चौथ्या-पाचव्या पिढीतला लफेव्र लोहारच असेल, याचीही शाश्वती नव्हती.

नावावरून दर्जा ओळखता येत नाही, याचे उत्तम उदाहरण ऑर्मेसों घराण्याचे. न्यायदानातल्या पदांमधून वर चढलेले हे उमराव घराणे, पण मूळ आडनाव लफेव्रच. ‘द ऑर्मेसों’ हा भाग जहागिरीच्या गावावरून पुढे जोडलेला. चौदाव्या लुईने आपला अर्थमंत्री फुके याच्यावर जो गाजलेला खटला भरला, त्यातले एक न्यायाधीश ओलिव्हिए लफेव्र द ऑर्मेसों होते. फ्रेंच अकादमीचे सदस्य असलेले लेखक ज्यां द ऑर्मेसों (1925–2017) याच घराण्यातले, म्हणजे तेही कागदोपत्री लफेव्र. फ्रेंच नावात ‘द’ दिसला की माणूस खानदानी समजणे ही जशी चूक, तशीच धंद्याचे आडनाव दिसले की माणूस साधा समजणेही.

या आडनावाची काही माणसे

फ्रांस्वा जोझेफ लफेव्र यांचा जन्म 1755 मध्ये आल्सास प्रांतातल्या रुफाक गावी झाला. साध्या शिपायापासून सुरुवात करून ते नेपोलियनचे मार्शल झाले आणि 1807 मध्ये डान्झिग शहर जिंकल्याबद्दल त्यांना त्या शहराच्या नावाची ड्यूक ही पदवी मिळाली. त्यांची पत्नी कातरीन ही लग्नाआधी धुणी धुण्याचे काम करत असे आणि दरबारात गेल्यावरही तिने आपली रोखठोक बोली सोडली नाही. मार्शलबद्दल एक गोष्ट सांगतात. एका जुन्या मित्राने त्यांचे वैभव पाहून हेवा व्यक्त केला, तेव्हा ते म्हणाले, ‘चल अंगणात. मी तुझ्यावर थोड्या गोळ्या झाडतो. वाचलास तर हे सगळे तुझे.’ मित्राने नकार दिल्यावर त्यांनी सुनावले की मला हे मिळण्याआधी माझ्यावर याहून कितीतरी जास्त गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आणखी एक गंमत त्यांच्या हुद्द्यातच आहे. ‘मार्शल’ हा शब्द मूळचा घोड्यांची देखभाल करणाऱ्या नोकराचा, आणि घोड्यांना नाल ठोकणाऱ्याला फ्रेंचमध्ये आजही ‘मारेशाल-फेरां’ म्हणतात. तेव्हा ‘मार्शल लफेव्र’ हे दोन्ही शब्द घोडा आणि लोखंड यांच्याच आसपासचे.

त्याआधीचे जाक लफेव्र हे एताप्ल गावचे पंडित. त्यांनी संपूर्ण बायबल फ्रेंचमध्ये आणले आणि ते 1530 मध्ये अँटवर्पला छापले गेले. ग्रंथांवर ते आपले नाव लॅटिनमध्ये ‘फाबेर स्टापुलेन्सिस’, म्हणजे एताप्लचा फाबेर, असे लिहीत. आडनावाचा अर्थ त्या काळच्या विद्वानांना नेमका ठाऊक होता, याचा हा पुरावाच म्हणायचा. दक्षिणेतले ज्यां-आंरी फाब्र (1823–1915) हे कीटकांचे निरीक्षक. सेरीन्यांच्या माळरानावर गांधीलमाश्या आणि शेणकिडे पाहण्यात त्यांनी उत्तरायुष्य घालवले. फेलिक्स फोर 1895 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि पदावर असतानाच 1899 मध्ये वारले. जिनिव्हाजवळचे लुई फाव्र यांनी आल्प्समधल्या सुमारे 15 किलोमीटर लांबीच्या गोठार्ड रेल्वे बोगद्याचे कंत्राट घेतले, बोगद्यातच 1879 मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि 1882 मध्ये बोगदा सुरू झाला. आणि विमानतळावरच्या दुकानात चौकोनी, कडेला दातेरी असलेली फ्रेंच बिस्किटे ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी पुड्यावरची ‘एल’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरेही पाहिली असतील. ज्यां-रोमें लफेव्र आणि पोलीन-इझाबेल युतील या जोडप्याने नांत शहरात चालवलेल्या बेकरीची ती आद्याक्षरे आहेत. नवऱ्याचे आडनाव आणि बायकोचे माहेरचे आडनाव.

एक फाव्र मात्र आपल्या जरा जवळचा. पिएर फाव्र हा साव्हॉयमधल्या शेतकऱ्याचा, लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा 1525 मध्ये पॅरिसला शिकायला गेला आणि सेंत-बार्ब महाविद्यालयात त्याला खोलीत जोडीदार मिळाला तो फ्रान्सिस झेवियर. त्यांच्याबरोबर पुढे इग्नेशियस लोयोला आले. 15 ऑगस्ट 1534 रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर या मित्रांनी एकत्र व्रत घेतले, तेव्हा मिस्सा अर्पण केली ती फाव्रने, कारण त्यांच्यात धर्मगुरूची दीक्षा झालेला तो एकटाच होता. यातूनच जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ उभा राहिला. झेवियर 1542 मध्ये गोव्याला पोचले आणि त्यांचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकात आहे. 2024 च्या अखेरीस झालेल्या दर्शनसोहळ्याला गेलेल्यांनी ते पाहिले असेल. त्यांचा हा खोलीतला सोबती 1546 मध्ये रोमला वारला आणि त्याला संतपद मिळाले ते 2013 मध्ये. इंग्रजी पुस्तकांत तो ‘पीटर फेबर’ म्हणून येतो, त्यामुळे तो फाव्र असल्याचे चटकन ध्यानात येत नाही. साव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता, तो 1860 मध्ये आला; आडनाव फ्रेंच म्हणताना आपण देशाबद्दल नव्हे, तर भाषेबद्दल बोलतो, हे इथे लक्षात घ्यावे.

समुद्रापलीकडे गेल्यावर

चौदाव्या लुईने 1685 मध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा अनेक कुटुंबे इंग्लंड, हॉलंड आणि अमेरिकेकडे गेली. काही तर आधीच निघाली होती : न्यूयॉर्क राज्यातले न्यू पाल्ट्झ हे गाव 1677 च्या सनदेने वसवणाऱ्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांत लफेव्र होते.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये एवढे लफेव्र झाले की त्यांनाही वेगळे ओळखण्यासाठी ‘ऊर्फ’ जोडावे लागले. ‘लफेव्र ऊर्फ बुलांजे’, शब्दशः ‘लोहार ऊर्फ पाववाला’, असे एक घराणेच आहे. ज्या अडचणीतून आडनाव जन्मले, ती आडनावानेच पुन्हा निर्माण केली.

एकोणिसाव्या शतकात क्वेबेकमधून हजारो माणसे कापडगिरण्यांत कामाला अमेरिकेच्या ईशान्य भागात गेली. तिथे गळणाऱ्या ‘र’ने आपले काम केले. ‘लफेव’ हे ऐकायला ‘ला फेव्ह’सारखे, आणि त्याचा फ्रेंचमध्ये अर्थ ‘शेंगेतला दाणा’. कोणीतरी त्याचे प्रामाणिकपणे भाषांतर केले आणि काही लफेव्र कुटुंबे इंग्रजीत ‘बीन’ झाली. आज तिथे एखादा श्रीयुत बीन भेटला, तर त्याचा पूर्वज लोहार असण्याची शक्यता असते आणि नावात त्याचा मागमूस नसतो. तिकडे दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात, फाव्रचा उच्चार ‘फार्व’ झाला. अमेरिकन फुटबॉलमधला ब्रेट फार्व हा तो.

आता हे आडनाव कोणाकडे जाते?

शतकानुशतके ते फक्त बापाकडून येत होते. 1 जानेवारी 2005 पासून आईबापांना निवड मिळाली : बापाचे, आईचे किंवा दोघांचे कोणत्याही क्रमाने. पहिल्या मुलासाठी केलेली निवड पुढच्या सख्ख्या भावंडांनाही लागू होते. 1 जुलै 2022 पासून तर प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आयुष्यात एकदा, कारण न देता, नगरपालिकेत अर्ज भरून बापाऐवजी आईचे आडनाव घेता येते किंवा दोन्ही जोडता येतात. याला आक्षेप असा घेतला जातो की त्यामुळे घराण्याचा धागा तुटेल. पण आईचे आडनाव म्हणजे तिच्या बापाचे. म्हणजे धागा तुटत नाही, दुसऱ्या बाजूचा धागा पुढे येतो. आई लफेव्र असूनही ज्यांच्या नावात लफेव्र नव्हते, अशांना ते आता घेता येते, आणि तेही आईच्या जन्मनोंदीत असेल त्याच लेखनाने, ‘बी’ असेल तर ‘बी’सकट.

लग्न झाल्यावर बाईचे आडनाव बदलते, ही फ्रान्सबद्दलची समजूतही कागदावर खरी नाही. 1794 चा तो कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे जन्मनोंदीतले आडनाव लग्नामुळे बदलत नाही. नवऱ्याचे आडनाव ही वापरायची मुभा आहे, बदल नव्हे. आणि 2013 पासून नवऱ्यालाही बायकोचे आडनाव तसेच वापरता येते. फ्रेंच ओळखपत्रावर जन्माचे आडनाव आधी छापतात आणि वापरायचे आडनाव, धारकाने मागितले तरच, त्याच्याखाली.